रिकाम्या हाताने परतलेल्या दिवसाची नोंद

पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यातील पुष्कळ कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी असते ती रविवारी नव्हे, गुरुवारी. त्यामुळे पवना, इंद्रायणी आणि भामा या नद्यांच्या काठी हौसेने गळ टाकून बसणारी मंडळी रविवारी दिसतात तशी गुरुवारीही दिसतात. रविवारी हिंजवडीच्या संगणक कंपन्यांतील तरुण, तर गुरुवारी कारखान्यातील कामगार. मासा मिळाला की त्याचे छायाचित्र मोबाइलवर काढले जाते, मित्रांच्या गटावर पाठविले जाते, त्याखाली अंगठे आणि टाळ्या उमटतात आणि दोन दिवसांत ते छायाचित्र सुप्रभात संदेशांच्या ढिगाखाली गाडले जाते. मासा कोणत्या डोहात मिळाला, किती वेळ बसल्यावर मिळाला, पाणी गढूळ होते की नितळ, यांपैकी काहीच मागे उरत नाही.

ही माहिती मागे उरावी आणि स्नेह्यांबरोबर वाटूनही घेता यावी, यासाठी जगात ठिकठिकाणी मासेमारीच्या नोंदवहीची अ‍ॅप तयार झाली आहेत. स्वीडनमध्ये २०१० साली सुरू झालेले फिशब्रेन हे त्यांतील बरेच परिचित नाव. अशा अ‍ॅपला दोन अंगे असतात. एक अंग नोंदवहीचे, म्हणजे तारीख, जागा, माशाची जात, लांबी, वजन यांचे. दुसरे अंग चावडीचे, म्हणजे आपला मासा चारचौघांना दाखविण्याचे, दुसऱ्याच्या माशाला दाद देण्याचे. ही दोन्ही अंगे एकाच घरात नांदवायची असतात आणि त्यांचा स्वभाव परस्परविरुद्ध असतो. नोंदवहीला सत्य हवे असते, चावडीला बढाई चालते. हा कलह मिटविण्याचे काम ज्या भागाकडे येते त्याला संगणकाच्या परिभाषेत बॅकएंड म्हणतात.

कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर मोबाइलवर दिसणारा पडदा ही शोरूम होय. बॅकएंड म्हणजे तिच्यामागचे स्टोअर, गेटवरचे आवक-जावक रजिस्टर, तपासणी विभाग आणि हिशेब खाते, सारे एकत्र. कोणती नोंद स्वीकारायची, ती कोठे आणि कशी ठेवायची, कोणाला किती दाखवायची, दोन नोंदी एकच आहेत की वेगळ्या, हे सारे निर्णय दूरच्या सर्व्हरवर होतात. पिंपरी-चिंचवडच्या नद्यांसाठी असे अ‍ॅप बांधायचे झाले, तर हे निर्णय कसे घ्यावे लागतील? प्रश्न तांत्रिक वाटतो. पण त्यातील प्रत्येक निर्णयाचे टोक अखेर नदीतल्या माशापर्यंत पोहोचते.

कावेरीकाठची नोंदवही

नोंदवहीने काय साधते, याचे आपल्या देशातील सर्वांत बोलके उदाहरण कावेरीवरचे आहे आणि त्याचा एक धागा थेट लोणावळ्याशी, म्हणजे जेथून इंद्रायणी निघते त्या परिसराशी जोडलेला आहे. कर्नाटकातील गॅलिबोर येथे कावेरीच्या काठी हौशी मासेमारांचा तळ होता. मिळालेला महाशीर मोजून, वजन करून पुन्हा पाण्यात सोडायचा, अशी तेथील रीत होती. १९९८ ते २०१२ या काळातील तेथील नोंदींचा अभ्यास एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. एकूण २३,६२० तासांची मासेमारी आणि ६,१६१ महाशीर, असा तो ऐवज होता. म्हणजे सरासरीने पावणेचार तासांहून थोडा अधिक वेळ बसावे, तेव्हा एक मासा.

या दोन आकड्यांतील अधिक मोलाचा आकडा माशांचा नसून तासांचा आहे. किती मासे मिळाले हे कोणीही अभिमानाने लिहून ठेवतो. किती तास बसलो हे लिहिणारे विरळा. तास नोंदलेले असल्यामुळेच दर तासाला मिळणाऱ्या माशांचे प्रमाण वर्षागणिक काढता आले. ते प्रमाण वाढत गेले होते आणि माशाचे सरासरी वजन मात्र घटत गेले होते. याचा अर्थ नदीत लहान वयाचे मासे भरपूर येत होते, त्यांची संख्या वाढत होती. वरवर पाहता ही आनंदाचीच वार्ता.

पण मासेमारांनी आणखी एक भेद टिपून ठेवला होता. त्यांच्या गळाला दोन प्रकारचे महाशीर लागत. एक निळसर परांचा आणि दुसरा पाठीला उंचवटा असलेला, कुबडाचा. कावेरीची ख्याती ज्या अजस्र माशांमुळे झाली तो हा दुसरा. नोंदींतून दिसले ते असे की वाढला तो निळ्या परांचा मासा. कुबडाचा मासा मात्र विरळ होत जवळजवळ दिसेनासा झाला होता. निळ्या परांचा हा मासा मूळचा कावेरीतला नव्हेच. तो दख्खनचा महाशीर, शास्त्रीय नाव टॉर खुद्री. टाटांच्या वीजकंपनीने लोणावळ्यात १९७०च्या दशकाच्या आरंभापासून त्याचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले आणि तेथील पिल्ले देशातील अनेक नद्यांत व जलाशयांत सोडली गेली. कावेरी त्यांपैकीच एक. ते काम सद्हेतूने झाले होते, महाशीर वाचावा म्हणूनच झाले होते. कुबडाचा महाशीर घटण्याची कारणे अनेक असतील, तथापि या पाहुण्याचा त्यात वाटा असावा, असे संशोधकांनी मांडले. कुबडाच्या माशाला तेव्हा निश्चित शास्त्रीय नावसुद्धा नव्हते. तो टॉर रेमादेवी या जातीचा असल्याचे २०१८ मध्ये सिद्ध झाले आणि त्याच वर्षी अतिसंकटग्रस्त म्हणून त्याची नोंद झाली.

हौशी माणसांनी ठेवलेली नोंदवही नसती, तर हे कळायला आणखी किती काळ लागला असता याचा अंदाज करणे कठीण आहे. आज अशी वही बांधू पाहणाऱ्याने कागदावरच्या त्या नोंदींत काय होते आणि आजच्या अ‍ॅपमध्ये काय नसते, हे आधी पाहिले पाहिजे.

मासा नव्हे, फेरी

बहुतेक अ‍ॅपमध्ये मूळ नोंद माशाची असते. मासा मिळाला, छायाचित्र काढले, चढवले. बॅकएंडमध्ये माशांचा एक तक्ता असतो आणि सारे काही त्याला टांगलेले असते. ही रचना मुळातच चुकीची आहे. मूळ नोंद असायला हवी ती फेरीची. कोण गेला, कोणत्या पाण्यावर गेला, किती वाजता गळ टाकला, किती वाजता आवरला, किती गळ होते, आमिष कोणते होते, हा फेरीचा तक्ता. मासे हा त्याच्या पोटातला दुसरा तक्ता. एका फेरीला पाच मासे जोडलेले असतील किंवा एकही नसेल. एकही नसलेली फेरी ही पूर्ण आणि वैध नोंद मानली गेली पाहिजे.

याचे कारण साध्या हिशेबाने कळेल. समजा, मोशीजवळच्या एखाद्या काठावर गेल्या वर्षी एका महिन्यात दहा जण प्रत्येकी चार तास बसले आणि त्यांना मिळून वीस मासे मिळाले. यंदा अ‍ॅपची कीर्ती पसरल्यामुळे तीस जण प्रत्येकी चार तास बसले आणि चोवीस मासे मिळाले. केवळ माशांची छायाचित्रे मोजणाऱ्याला नदी सुधारल्यासारखी दिसेल. वीसाचे चोवीस झाले! प्रत्यक्षात तासाला अर्धा मासा मिळत होता तो आता एक-पंचमांश मिळतो आहे. नदी निम्म्याहून खाली आली आहे आणि अ‍ॅपच्या पडद्यावर मात्र उत्सव चालू आहे.

पक्षिनिरीक्षकांना हा धडा लवकर उमगला. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेने २००२ मध्ये सुरू केलेल्या ईबर्ड या नोंदपद्धतीत प्रत्येक यादी देताना, तुम्हाला ओळखता आलेले सर्व पक्षी यात आहेत काय, असे विचारले जाते. होकार मिळाला की यादीत नसलेला पक्षी हीसुद्धा माहिती ठरते. मासेमारीच्या वहीत असा प्रश्न फेरी बंद करताना विचारला पाहिजे आणि काही मिळाले नाही हे उत्तर एका स्पर्शात देता आले पाहिजे. हताश होऊन घरी निघालेला मनुष्य चार रकाने भरत बसणार नाही.

डेटाबेसमध्ये आणखी एक पथ्य पाळावे लागते. शून्य आणि रिकामे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वजनाचा रकाना रिकामा असेल तर वजन केले नाही असा अर्थ. तेथे आपोआप शून्य पडले तर सरासरीचा सत्यानाश होतो. त्याचप्रमाणे काट्यावर मोजलेले वजन आणि नजरेने ठरवलेले वजन यांसाठी वेगळी खूण हवी. नजरेने केलेल्या वजनाबद्दल मासेमारांची ख्याती जगभर सारखीच असल्याने हे विशेष आवश्यक आहे.

चावडीचे अंग येथे आड येते. ज्या नोंदीला दाद मिळते तशाच नोंदी माणसे करतात. आठवड्याचा सर्वांत मोठा मासा, अशी पाटी अ‍ॅपने लावली की लहान मासे आणि रिकामे दिवस वहीतून गळू लागतात. यावर उपाय उपदेशाचा नाही, रचनेचा आहे. नोंद आणि प्रदर्शन हे बॅकएंडमध्ये स्वतंत्र ठेवायचे. प्रत्येक फेरी वहीत जाते. तिच्यातले काय चावडीवर मांडायचे हे ज्याचे तो ठरवतो. गौरव करायचाच असेल, तर सलग दहा फेऱ्यांची, रिकाम्यांसह, पूर्ण नोंद ठेवणाऱ्याचा करावा.

शिंगटी, शिंगाळा आणि कर्नल साईक्स

या पट्ट्यातील माशांच्या नावांचा इतिहास मोठा रंजक आहे. विल्यम हेन्री साईक्स हा लष्करी अधिकारी मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून १८२४ पासून दख्खनमध्ये फिरत होता. त्याने दख्खनच्या माशांचे वर्णन १८३९ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केले आणि पुष्कळ नव्या जातींना येथील कोळ्यांच्या तोंडची मराठी नावेच लॅटिन वेषात बहाल केली. वर उल्लेख आलेला खुद्री त्यांतलाच. त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन साईक्सने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून केले. सीन्गटी, सीन्घाला, मुल्या, कोलस ही त्याने दिलेली नावे आजही जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत आहेत आणि मराठी वाचकाला त्यांत शिंगटी, शिंगाळा, मळ्या, कोळस सहज ऐकू येतात.

शास्त्राने बोलीतून नाव घेतले. बोली मात्र शास्त्राच्या शिस्तीत राहिली नाही. शास्त्रात सीन्गटी आणि सीन्घाला या दोन निराळ्या जाती आहेत, एक हाताएवढी लहान आणि दुसरी मोठी होणारी. बाजारात शिंगटी हे एकच नाव मिशाळ माशांतील अनेकांना लागते. रोहटी हा साईक्सने नोंदवलेला चपटा मासा आणि रोहू हा तळ्यात सोडला जाणारा मासा यांचा एकमेकांशी संबंध नाही. बिहारहून किंवा बंगालमधून चाकणला कामाला आलेला मनुष्य त्याच माशाला तिसरेच नाव सांगतो. देवमासा म्हणावे तर मराठी शब्दकोशात तो समुद्रातला अजस्र प्राणी. तीर्थक्षेत्रीच्या डोहातले देवाचे मासे निराळे.

म्हणून बॅकएंडमध्ये माशाचे नाव हा मोकळा रकाना ठेवून भागत नाही आणि ठरावीक यादीतूनच निवड करा असे बजावूनही भागत नाही. पहिल्या पद्धतीत एकाच जातीची वीस नावे जमा होतात. दुसरीत, ज्याला आपला मासा यादीत सापडत नाही तो जवळचे काहीतरी दाबून मोकळा होतो आणि ती चूक मग कायमची प्रमाण ठरते. योग्य रीत तीन थरांची आहे. मासेमाराने स्वतः लिहिलेले नाव जसेच्या तसे एका रकान्यात राहते आणि ते कधीही पुसले जात नाही. जातीचा स्वतंत्र तक्ता असतो, त्यात प्रत्येक जातीला एक क्रमांक आणि त्या क्रमांकाला जोडलेली मराठी, हिंदी, बंगाली अशी कितीही नावे. या दोहोंमधला दुवा, म्हणजे हा मासा अमुक जातीचा आहे हे मत, कोणी आणि केव्हा दिले यासह तिसऱ्या तक्त्यात नोंदले जाते. छायाचित्र पाहून जाणकाराने मत बदलले, तर जुने मत खोडले जात नाही. त्याखाली नवे येते.

कावेरीवरची वही उपयोगी पडली ती याच गुणामुळे. मासेमारांनी कुबडाचा असा साधा शब्द वापरून भेद जपला. शास्त्रीय नाव पुढे मिळाले तेव्हा जुन्या नोंदींना ते लावता आले. त्या वेळी कोणी शिस्तीच्या हौसेने दोन्हींना सरसकट महाशीर या एकाच खान्यात टाकले असते, तर सारा पुरावा एका फटक्यात नाहीसा झाला असता.

पुण्याच्या नद्यांना या दृष्टीने दुर्मीळ भाग्य लाभले आहे. साईक्सनंतर १९४२ मध्ये फ्रेझर याने पुण्याच्या माशांची यादी केली, त्यानंतरही याद्या होत राहिल्या आणि २००३ मध्ये करंट सायन्स या नियतकालिकात जिल्ह्यातील माशांच्या जातींत दीर्घकाळात झालेल्या बदलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २०१२ मध्ये एकट्या इंद्रायणीतून पन्नासाहून अधिक जातींची नोंद प्रसिद्ध झाली. इतका जुना धागा भारतातील फार थोड्या नद्यांना आहे. अ‍ॅपच्या जातींच्या तक्त्याचा आरंभ परदेशातून आणलेल्या तयार यादीने न करता या याद्यांनी करता येईल. त्यात अर्थात नव्याने आलेले पाहुणेही घालावे लागतील. चिलापी तर आता गढूळ, मैल्या पाण्याची जणू मालकीण झाली आहे.

जागा सांगावी की लपवावी

या साऱ्या व्यवहारातला सर्वांत धोकादायक रकाना जागेचा आहे. मोबाइलमधील यंत्रणा अक्षांश-रेखांश दशांश चिन्हापुढे पाच-सहा आकड्यांपर्यंत देते. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. त्यामुळे पाचवा आकडा एक मीटरच्या अंतरापर्यंत नेऊन पोहोचवतो. अभ्यासकाला ही सूक्ष्मता हवी असते. परंतु महाशीर मिळालेला डोह एक मीटरच्या अचूकतेने चावडीवर टांगणे म्हणजे जाळेवाल्यांना आणि सुरुंगवाल्यांना पत्ता देणे होय. देहू-आळंदीच्या डोहांतील माशांना अभय देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. एका बेसावध छायाचित्राने अशा एखाद्या दूरच्या डोहाचे अभय संपू शकते. पावसाळ्याच्या तोंडाला चढणीचे मासे ज्या ओढ्यांत शिरतात त्यांचेही तसेच.

यावर प्रचलित उपाय जागा धूसर करण्याचा आहे. निसर्गनोंदींसाठी प्रसिद्ध असलेली आयनॅचरलिस्ट ही व्यवस्था धोक्यातील जातींची जागा ०.२ अंशाच्या चौकोनात लपवते, म्हणजे चौकोनाची एक बाजू सुमारे २२ किलोमीटर. पण नदी ही रेषा आहे, मैदान नव्हे. एक किलोमीटरचा चौकोन दाखविला, तर जंगलातला पक्षी शोधणे अवघड राहील. नदीवर मात्र त्या चौकोनातून जाणारा काठच तेवढा उरतो आणि त्यातला खोल डोह कोणता हे गावातले पोरही सांगेल. म्हणून नद्यांसाठी चौकोनाऐवजी पट्टे आखावेत. कामशेत ते देहू, देहू ते आळंदी, आळंदी ते तुळापूर, असे इंद्रायणीचे लांब पट्टे करून चावडीवर केवळ पट्ट्याचे नाव दाखवावे. पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसला पोस्टजीआयएस ही भौगोलिक जोड दिली की बिंदू कोणत्या पट्ट्यात पडतो हे क्षणात काढता येते.

येथे नवखे कारागीर एक चूक हमखास करतात. जागा लपविण्यासाठी ते प्रत्येक नोंदीच्या बिंदूला यदृच्छेने थोडे इकडेतिकडे सरकवतात. एक नोंद असेल तर हे चालते. एकच मनुष्य त्याच डोहावर वीस वेळा गेला, की त्या वीस विस्कटलेल्या बिंदूंची सरासरी काढणाऱ्याला मूळ डोह जवळजवळ नेमका सापडतो. पट्टा किंवा ठरावीक चौकोन कितीही नोंदी झाल्या तरी बदलत नाही, हा त्याचा मोठा गुण.

दुसरी गफलत अधिक साधी आहे. मोबाइलने काढलेल्या छायाचित्राच्या फाइलमध्येच काढल्याची वेळ आणि पुष्कळदा जागाही दडलेली असते. पडद्यावर देहू ते आळंदी एवढेच लिहिले आणि छायाचित्र जसेच्या तसे वाटले, तर सारी झाकपाक व्यर्थ. चढविलेल्या छायाचित्रातील ही माहिती सर्व्हरवर काढून घेऊन स्वतंत्र, कुलूपबंद तक्त्यात ठेवायची आणि लोकांसाठी कोरी प्रत तयार करायची, हे काम बॅकएंडचे. ते मोबाइलवर सोपवून चालत नाही. जुनी आवृत्ती वापरणारा एक जण पुरेसा असतो.

एका बाबतीत मात्र हा सारा संकोच सोडावा. नदीत मासे मरून तरंगताना दिसले, तर ती नोंद नेमक्या जागेसह, नेमक्या वेळेसह सर्वांना खुली असली पाहिजे. थेरगावच्या केजुदेवी बंधाऱ्यावर मृत माशांचा खच पडल्याच्या बातम्या पिंपरी-चिंचवडकरांना नव्या नाहीत. मैल्यामुळे पाण्यातील विरघळलेला प्राणवायू घटतो. रात्री पाणवनस्पतीही तो वापरतात, भर घालत नाहीत, म्हणून सूर्योदयाच्या आधी तो सर्वांत कमी असतो. मासे पहाटे गुदमरतात आणि पाहणी करणारे पथक येते तेव्हा बहुधा उन्हे वर आलेली असतात, पाणीही पुढे वाहून गेलेले असते. पहाटे पाच वाजता काठावर बसलेला हौशी मासेमार हा त्या घटनेचा पहिला साक्षीदार असतो. फेरीच्या तक्त्याबाहेर, कोणतीही जात न निवडता, एका छायाचित्रावर पूर्ण होणारी अशी वेगळी नोंद ठेवणे अवघड नाही.

रेंज नसलेली खोरी

पवना धरणामागचे खोरे किंवा भामा-आसखेडचा वरचा भाग येथे मोबाइलची रेंज भरवशाची नसते. नोंद करायची ती जागीच; घरी आल्यावर आठवून केलेल्या नोंदीत तास वाढतात आणि मासेही. तेव्हा नोंद आधी मोबाइलमधील छोट्या डेटाबेसमध्ये उतरली पाहिजे आणि रेंज मिळेल तेव्हा सर्व्हरकडे गेली पाहिजे. हे बोलायला सोपे आहे. कामशेतच्या आसपास रेंज येते, नोंद पाठविली जाते, सर्व्हर ती घेतो, पण पोच मिळण्याआधी रेंज जाते. मोबाइल समजतो नोंद गेलीच नाही आणि तळेगावला ती पुन्हा पाठवतो. एका माशाचे दोन होतात.

त्यावरचा उपाय कारखान्याच्या गेटवर नेहमीचा आहे. चलनावर क्रमांक आधीच छापलेला असतो. त्याच क्रमांकाचे चलन दुसऱ्यांदा आले, तर माल दुसऱ्यांदा जमा होत नाही. त्याप्रमाणे प्रत्येक फेरीला आणि माशाला क्रमांक मोबाइलनेच, नोंद करतानाच द्यायचा. १२८ बिटांचा यदृच्छ क्रमांक वापरला, तर दोन मोबाइलांनी एकच क्रमांक काढण्याची शक्यता व्यवहारात नसल्यासारखीच. सर्व्हरने तो क्रमांक आधी पाहिला असेल तर, मिळाले, एवढेच उत्तर द्यायचे आणि पुढे काही करायचे नाही.

वेळेच्या रकान्यातही एक गंमत आहे. सर्व्हर सहसा जागतिक प्रमाणवेळेत चालतात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. गुरुवारी पहाटे पाच वाजता टाकलेला गळ सर्व्हरच्या लेखी बुधवारच्या रात्री साडेअकराला पडतो. वार काढताना भारतीय वेळेत रूपांतर करायला कोणी विसरला, तर गुरुवारच्या पहाटेची सारी मासेमारी बुधवारच्या खाती जमा होईल आणि औद्योगिक सुट्टीचा परिणाम शोधणारा अभ्यासक चक्रावून जाईल.

चावडीच्या पानाची जुळणी, म्हणजे कोणाला कोणाच्या नोंदी कोणत्या क्रमाने दिसाव्यात, यावर तरुण अभियंते फार वेळ घालवतात. कोट्यवधी सदस्यांसाठी ते शास्त्र गहन आहे. काही हजार मासेमारांसाठी पान उघडताना डेटाबेसला विचारलेला एक साधा प्रश्न आणि वेळेच्या रकान्यावर नीट केलेली सूची एवढे पुरते. छायाचित्रे डेटाबेसमध्ये न कोंबता स्वस्त साठवणुकीत वेगळी ठेवावीत, इतकेच. मुलांचा प्रश्न मात्र हलका नाही. २०२३च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील सर्व जण मुले मानली आहेत आणि त्यांची माहिती घेण्यास पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती लागते. सुट्टीत काठावर बसणारी निम्मी पोरे याच वयाची.

पाणी कोणाचे

हौशी मासेमार हा नदीवरचा नवा माणूस आहे. त्याच्या आधीपासून भोई आणि कोळी समाजातील कुटुंबे या पाण्यावर पोट भरत आली आहेत. राज्यातील जलाशयांत मासेमारीचे हक्क ठेक्याने दिले जातात आणि त्यात मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य असते. म्हणजे पाण्याच्या प्रत्येक तुकड्यावर कोणाचा तरी हक्क असू शकतो आणि बॅकएंडमधील पाणवठ्यांच्या तक्त्यात तो रकाना असला पाहिजे. फेरी सुरू करतानाच, येथे ठेका आहे, परवानगी घ्या, असा संदेश गेला, तर पुढचे कित्येक तंटे टळतील. याच मंडळींकडे नदीचे ज्ञानही सर्वांत जुने आहे. कोणता मासा कोणत्या साली दिसेनासा झाला, हे ते बोटावर सांगतात. ते ज्ञान वहीत यायचे तर वही मराठीत, आवाजाने नोंद घेणारी आणि साध्या मोबाइलवर चालणारी हवी. शिवाय त्यांनी सांगितलेली जागा त्यांच्या लेखी अनुमतीवाचून कोणालाच दिसता कामा नये, कारण ती त्यांच्या चुलीशी बांधलेली आहे.

गॅलिबोरची मासेमारी २०१२ मध्ये बंद झाली. वन्यजीव कायद्याच्या अर्थाचा प्रश्न त्यामागे होता. तळ राहिला नाही तरी नोंदी राहिल्या आणि तीन वर्षांनी त्यांतून निष्कर्ष निघाले. अ‍ॅपचे असे होत नाही. कंपनी बंद पडते, सर्व्हरचे भाडे थकते आणि एका रात्रीत दहा वर्षांची नोंद नाहीशी होते. म्हणून बॅकएंडच्या पहिल्याच आवृत्तीत, छायाचित्रांना दाद देण्याचे बटण तयार होण्याआधी, प्रत्येक सदस्याला आपली वही साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये उतरवून घेता येईल अशी सोय हवी आणि धूसर केलेल्या जागांसह संपूर्ण वहीची एक प्रत दरवर्षी एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाकडे जमा व्हावी. चाकणच्या कोणत्याही मध्यम कारखान्याच्या गुणवत्ता विभागात यापेक्षा अधिक कागद दर महिन्याला जपून ठेवले जातात.